मर्लसाठी पाणी तयार होईपर्यंत

१४ ऑक्टोबर, सोमवार

टाउन्सव्हिलच्या हॉस्पिटलातून आत्ताच परतलो. बातमी चांगली आहे, म्हणून ही वही काढली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत पस्तीस वर्षं रोज नोंदी लिहिल्या. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं.

डॉक्टरांनी मर्लचे, माझ्या बायकोचे, सगळे उपचार थांबवले. आता सलाइन नाही, रक्ताच्या तपासण्या नाहीत, पथ्य नाही. म्हणाले, "आता त्यांना हवं ते करू द्या. वाइन प्यावीशी वाटली तर पिऊ द्या." मी विचारलं, पोहायचं म्हणाली तर? गेले सात महिने पोहण्याचं नाव काढायला बंदी होती, अंगात जंतूंशी लढायची ताकद उरली नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, "काहीच हरकत नाही. जमेल तितकं पोहू द्या." पुढची तारीख विचारली, तर तारखेची गरज नाही म्हणाले. निघताना माझा हात दोन्ही हातांत बराच वेळ धरून ठेवला. असे डॉक्टर हल्ली मिळत नाहीत.

येताना मर्ल खिडकीतून बाहेर बघत होती. दमली असणार. वाटेत तिने समुद्राकडेला गाडी थांबवायला लावली. तळलेला मासा आणि बटाट्याचे काप घेतले, दोन काप खाल्ले आणि उरलेलं सगळं पक्ष्यांना टाकलं. मग एकदम म्हणाली, "आपला पोहायचा तलाव कसा आहे रे?"

"पानं पडलीत थोडी."

"मग उद्या उतरते."

"आधी पाणी तपासू दे मला."

"तपास बाबा. तू तपासल्याशिवाय होम हिल गावात सूर्यसुद्धा उगवत नाही."

नगरपालिकेच्या तलावावर हिने एकतीस वर्षं मुलांना पोहायला शिकवलं. आमच्या नदीत मगरी, समुद्रात उन्हाळाभर डंखाच्या जेलीफिश. इथल्या माणसाला पोहायचं तर तलावातच. आमच्या मागच्या अंगणातल्या तलावात ती रोज सकाळी चाळीस फेऱ्या मारायची. मी कधी गुडघ्याच्या वर भिजलो नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पाणी तपासलं, आणि रीतसर तपासलं. लोक वरवरचं पाणी नळीत घेतात, बोटाने नळीचं तोंड दाबून हलवतात आणि मग आकडा चुकला म्हणून तपासणीच्या पेटीला शिव्या देतात. मी कोपरापर्यंत हात बुडवून खालचं पाणी घेतलं. नळी त्याच पाण्याने तीनदा विसळली. पाण्याला रंग आणणाऱ्या गोळीला बोट लावलं नाही. नळी डोळ्यासमोर धरून दिवसाच्या उजेडात रंग पेटीतल्या पट्टीशी जुळवला. जितका गडद गुलाबी, तितकं क्लोरीन जास्त.

क्लोरीन दीड. पीएच सात पूर्णांक सहा.

पेटीवर लिहिलंय, क्लोरीन एक ते तीन चालेल. चालेल! प्रयोगशाळेत हा शब्द मी कोणाला उच्चारू देत नसे. मर्लसाठी क्लोरीन तीन हवं, बरोबर तीन, आणि पीएच सात पूर्णांक चार. शिवाय सात महिन्यांत तलावाकडे कोणी नीट पाहिलेलं नाही. शंकेला जागा नको, म्हणून क्लोरीनचा आख्खा कॅन ओतला.

ओतून वळलो तर मर्ल व्हरांड्यात येऊन बसलेली. गाऊनच्या गळ्यातून पोहण्याच्या निळ्या पोशाखाचा पट्टा दिसत होता.

"झालं का पाणी?"

"उद्या."

"बरं," म्हणाली, आणि जेवणापर्यंत तशीच बसून राहिली. पोशाख खांद्यावर फारच सैल झालाय. मी म्हटलं, वजन भरेपर्यंत नवा घेऊ. ती म्हणाली, "नको, हाच पुरेल."

१६ ऑक्टोबर, बुधवार

क्लोरीन शून्य.

विश्वास बसेना. गोळी टाकल्यावर क्षणभर गुलाबी झाक आली आणि लगेच नळी स्वच्छ. पुन्हा केलं, तेच. आख्खा कॅन एका दिवसात कुठे गेला? पाण्यात काहीतरी आहे जे क्लोरीन खातंय. बरं झालं तिला उतरू दिलं नाही. अर्धा कॅन आणखी ओतला.

१९ ऑक्टोबर, शनिवार

शून्य. सलग चौथा दिवस. आता कारण कळलं. तोडणीचा हंगाम आहे, रोज कुठलं ना कुठलं शेत पेटवतात, आणि उसाची काळी राख उडत येऊन तलावात पडते. तीच क्लोरीन खाते. जाळीने दिवसातून तीनदा राख काढतोय.

पीएचचा रंगही भलताच येतोय. गडद जांभळा. पट्टीवर असा रंगच नाही, म्हणजे पीएच पट्टीच्या पार वर गेला. ॲसिड घातलं.

मर्लला राखेचं सांगितलं तर हसायला लागली. "राख? अरे, आयुष्यभर ही राख पडत आलीय. दोरीवरचे कपडे, केक, आपल्या लग्नाचा तंबू, सगळ्यांवर पडली. आज सकाळी थंड आहे, बरं वाटतंय मला. पाच मिनिटं उतरू दे की."

"शून्य क्लोरीनच्या पाण्यात? जंतूंचं घर असतं ते. सात महिने सांभाळलं ते पाच मिनिटांसाठी घालवायचं?"

"तुझं बरोबर आहे," ती म्हणाली. ती इतक्या लवकर कबूल करते तेव्हा मला बरं वाटतं. पूर्वी तासभर भांडायची.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

आता नर्स आठवड्यातून दोनदा घरी येते. ब्रॉन्विन नाव. बोलते भडाभडा, पण हात हलका आहे. उपचार संपले तर नर्स कशाला, असं मी विचारलं. म्हणाली, "त्यांना दुखू नये म्हणून." हे चांगलंय. बरं होताना दुखतंच.

तिने माझ्या खाकी शर्टाच्या बाहीकडे बोट दाखवलं. कोपरापर्यंत पांढरे डाग. "हे काय हो, रंगकाम काढलंय की काय?"

मी म्हटलं, साबण बदललाय. तलावाकाठचा निळा टॉवेलही असाच विटलाय. हल्ली चांगला साबण बनतच नाही.

"पाणी बाटलीत भरून नेव्हिलच्या दुकानात द्या ना. पाच मिनिटांत सांगतो, फुकट."

नेव्हिलचं तलावाच्या सामानाचं दुकान आहे. हा नेव्हिल वयाच्या नवव्या वर्षी मर्लच्या वर्गात तलावाचा काठ धरून भोकाड पसरायचा. पस्तीस वर्षं मी सगळ्या तालुक्याचा उसाचा रस तपासला. मी बाटली घेऊन त्याच्या दारात उभा राहू? ब्रॉन्विनला तसं म्हणालो नाही. बघू म्हटलं.

गोळ्या जुन्या झाल्या असतील म्हणून नवी पेटी मात्र मागवली. तिनेही शून्यच दाखवलं. म्हणजे माझी पद्धत बरोबर आहे.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आज माझं चुकलं.

पाणी भरून घेत होतो. मागे वळलो तर मर्ल भिंतीला धरून धरून एकटीच काठापर्यंत आली होती. व्हरांड्यापासून काठ पंचवीस पावलं. तिला किती वेळ लागला कोण जाणे. खाली बसायचा प्रयत्न करत होती.

"फक्त पाय बुडवते, सिल्व्हियो."

आणि मी ओरडलो. तिच्यावर असा ओरडलो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. "तुला मरायचंय का?" असं म्हणालो. हेच शब्द.

ती माझ्या हाताला धरून परत आली. खुर्चीत बसवल्यावर माझ्या गालावर हात ठेवून म्हणाली, "किती रे दमतोस."

तिची बोटं गार होती. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. शब्द तोंडातून गेले की गेले. संध्याकाळच्या आत आणखी अर्धा कॅन घातला, म्हणजे एकदाचं संपेल हे.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज मेलबर्नची घोड्यांची शर्यत. सगळा देश कामं टाकून टीव्हीसमोर बसतो. रेनाटा, आमची मुलगी, ब्रिस्बेनहून आली आहे. मर्लने पलंगावर बसून मोठी पिसांची टोपी घातली आणि ज्याच्या जिंकण्याची कोणालाच आशा नाही अशा घोड्यावर पैज लावली. नेहमी तसंच करते. "कोणीतरी त्याच्या बाजूचं हवं," म्हणते. खूप हसलो. तिने दोन चमचे कस्टर्ड खाल्लं.

नंतर रेनाटाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "पापा, तिला पाण्यात का उतरू देत नाही तुम्ही?"

"क्लोरीन शून्य आहे."

"काय फरक पडतो आता!"

"आता म्हणजे? बरी होत आलेली बाई पुन्हा पाडायचीय का तुला?"

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून मर्लची हाक आली. "रेनाटा! इकडे ये. पापाला त्याचं काम करू दे." रेनाटा आत गेली. दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. आईचा थकवा तिला बघवत नाही. मुलगी हळवी आहे.

झोपण्याआधी मर्लने विचारलं, "पुढच्या आठवड्यात होईल का रे पाणी?"

नक्की होईल म्हणालो.

९ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहावंसं वाटत नाही. पण नोंद ती नोंद.

सकाळी नेव्हिल दारात. रेनाटाने मला न विचारता बाटली भरून त्याच्याकडे पोचवली होती. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "सिल्व्हियो, रागवू नका. पाच मिनिटं द्या." स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्याने तलावाचं एक भाग पाणी घेतलं, त्यात एकोणीस भाग शुद्ध पाणी मिसळलं, आणि त्यात गोळी टाकली.

पाणी गुलाबी झालं. गुलाबीच राहिलं.

"साडेतीन," तो म्हणाला. "गुणिले वीस."

सत्तर. पाण्यात क्लोरीन सत्तर होतं, तीनच्या जागी सत्तर.

"क्लोरीन एवढं झालं की रंगच खाऊन टाकतं. झाक येते नि उडते. माणसाला वाटतं शून्य आहे, मग तो आणखी घालतो. जांभळा रंगही त्यामुळेच, पीएच तसा नव्हताच." तो खाली बघून बोलत होता. "पुष्कळांचं होतं असं."

पुष्कळांचं होत असेल. माझं व्हायला नको होतं. कारखान्यात मळी कधी तशीच मोजली आहे का मी? आधी पातळ करायची, मग मोजायची, मग गुणायचं. पस्तीस वर्षं नव्या पोरांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवलं. दाट वस्तू सरळ मोजली तर खोटं बोलते, हे माझंच वाक्य. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाहीचे डाग, टॉवेल, सगळं डोळ्यांसमोर होतं.

नेव्हिल म्हणाला, "माझ्याकडे उतारा आहे. पावडर टाकली की तासाभरात क्लोरीन मरतं. दुपारी बाईंना उतरवता येईल."

मी नको म्हटलं. एक औषध जास्त झालं म्हणून त्यावर दुसरं? पुन्हा अंदाजपंचे? अर्धं पाणी काढून नवं भरीन, पुन्हा काढीन, आणि या वेळी नीट मोजीन.

"त्याला आठवडा जाईल, सिल्व्हियो." त्याने मर्लच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "वेळ..."

"वेळ आहे," मी म्हणालो.

आतून मर्लने ओळखलं. "कोण, नेव्हिल का? काठ सोडलास की नाही रे शेवटी?"

"सोडला, बाई. तुम्हीच सोडवलात."

पन्नाशीचा बाप्या तिच्या पलंगाशी शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा होता. जाताना गाडीत बसला, पण गाडी बराच वेळ सुरू केली नाही.

मी मर्लला सगळं खरं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडायला हवी होती. म्हणाली, "अति तिथं माती. चल, निदान जंतू तरी मेले सगळे."

१२ नोव्हेंबर, मंगळवार

अर्धं पाणी काढलं, भरलं. क्लोरीन पस्तीस. पुन्हा अर्धं काढलं. पंप रात्रंदिवस चालू. मर्ल दोन दिवस पलंगावरून उठलेली नाही. ब्रॉन्विन आता रोज येते. मर्लच्या दंडाला एक लहान पंप लावलाय, त्यातून दुखण्याचं औषध आपोआप जातं. रेनाटा परत जायचं नाव काढत नाही. मी म्हटलं, तुझी नोकरी? तिने आईची उशी सारखी केली.

मर्लने आज पाण्याचं विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

क्लोरीन तीन. पीएच सात पूर्णांक चार. तीनदा तपासलं, पातळ करून आणि न करता. तिन्ही वेळा तेच.

धावत आत गेलो. ब्रॉन्विनने मला दारातच अडवलं. "उचलू नका आता. हलवलं की कळा येतात त्यांना."

"पण पाणी तयार आहे!"

"माहीत आहे हो," ती म्हणाली, आणि तिने तोंड फिरवलं.

मग मी परातीएवढा मोठा टब तलावात बुडवून भरला आणि आत आणला. पलंगाशी ठेवला. मर्लचा हात त्यात सोडला, मग दुसरा. पाय ओल्या फडक्याने पुसले, गुडघ्यापर्यंत. कपाळावर पाणी लावलं. केस तर उरलेच नाहीत, जे मऊ मऊ परत येत होते ते भिजवले. पाणी गार होतं. तिने डोळे उघडले.

"तपासलंस?"

"तीन. बरोबर तीन."

"शाबास."

तिची बोटं पाण्यात हलत होती. पोरांना शिकवताना काठावर बसून हलवायची तशी. मग डोळे मिटून पुटपुटली, "काठ धरू नकोस. पाय मारत राहा." कोणाला म्हणत होती कळलं नाही. वर्गातलं काही स्वप्न असेल.

उद्या दुखणं कमी असलं तर मी आणि नेव्हिल खुर्चीसकट तिला नेऊ. नेव्हिल हो म्हणालाय.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मर्ल रविवारी सकाळी गेली.

२७ नोव्हेंबर, बुधवार

हॉस्पिटलचा पलंग आणि पंप न्यायला ब्रॉन्विन आली होती. मी चहा केला. घरात दोनशे माणसांनी आणून दिलेला केक अजून आहे. अंत्यविधीला इतकी माणसं होती की निम्मी चर्चच्या बाहेर उन्हात उभी होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला तिने पाण्यावर तरंगायला शिकवलं होतं.

मी ब्रॉन्विनला विचारलं, पाणी त्या शनिवारीच तयार झालं असतं, मी पावडर टाकू दिली असती, तर ती वाचली असती का? पोहण्याने माणसाला ताकद येते.

तिने कप खाली ठेवला. "सिल्व्हियो, ऑक्टोबरात डॉक्टरांनी उपचार थांबवले ते उपाय संपले म्हणून. सहा-सात आठवडे उरलेत, असा त्यांचा अंदाज होता. मर्ललाही माहीत होतं. तुम्ही गाडी आणायला गेला होता तेव्हा त्यांनी स्वतः विचारून घेतलं."

"मग क्लोरीन?"

"कुठल्याही पाण्यात उतरल्या असत्या तरी काही बिघडणार नव्हतं."

"मला का नाही सांगितलं कोणी?"

"त्यांनीच सांगू दिलं नाही. रेनाटालाही शपथ घातली होती. म्हणाल्या, त्याला हातात काम हवं, नाहीतर तो माझ्याआधी जाईल." मग ती हळूच म्हणाली, "पण पाण्यात जायची फार इच्छा होती हो त्यांची. तुम्हाला विचारलं होतं ना त्यांनी?"

ती गेल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचली. मर्लने पाच वेळा विचारलं होतं. लिहिलं नाही त्या दिवसांचं वेगळंच. पाचही वेळा मी तिचे शब्द नीट उतरवून घेतलेत, आणि पाचही वेळा तिला बाहेर ठेवलंय. रस्त्यावरच्या माणसाने जरी ही वही वाचली असती तरी त्याला कळलं असतं. माझ्याच हातचं अक्षर, आणि मला दिसलं नाही.

पस्तीस वर्षांत माझा आकडा कधी चुकला नाही याचा केवढा तोरा होता मला. तो तोरा घेऊन मी तुझ्यासमोर जाळी धरून उभा होतो आणि तू पोशाख घालून बसली होतीस. मला रडू आवरत नाही, आणि आवरायचंही नाही.

मर्ल, पंधरा ऑक्टोबरला पाणी चांगलं होतं. क्लोरीन दीड होतं. तुला चालता येत होतं. मी तुला उतरू दिलं नाही.